चोवीस तासांच्या गाड्या आणि आमचे चाचा

आमच्या घरमालकांकडे इटलीच्या शर्यतीच्या गाड्यांनी भरलेलं अख्खं कपाट होतं आणि त्यांना साधी सायकल चालवता येत नव्हती. पनवेल सोडल्यापासून हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलंय. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "खऱ्या गाड्या?" खऱ्या कुठून असणार? तळहातावर मावतील एवढ्या, धातूच्या, वर खऱ्या गाडीचा रंग आणि दारावर नंबर. पण हा प्रश्न चाचांच्या समोर कुणी विचारला असता तर त्याला चहा न पिताच जिना उतरावा लागला असता. 'खेळणी' हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता.

"खेळण्यांशी पोरं खेळतात. हे मॉडेल आहे. एकास त्रेचाळीस," ते बजावायचे. म्हणजे खरी गाडी त्रेचाळीस पट लहान केली की ही. या मापाचं त्यांना वेडच होतं. दिसेल ती वस्तू मनातल्या मनात त्रेचाळीस पट लहान करून बघायचे. "आपलं हे घर आहे ना बेटी, एकास त्रेचाळीस केलं तर चपलेच्या खोक्यात बसेल," असं एकदा जिन्यात थांबवून मला सांगितलं होतं. त्यावर स्वयंपाकघरातून चाचीचा आवाज आला, "आणि तुमचं डोकं? ते कशात बसतंय ते पण सांगा तिला."

जुन्या पनवेलमधल्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. वर ते दोघं, खाली भाड्याने मी आणि माझे बाबा. उमेदीची सगळी वर्षं चाचांनी मस्कतला एका कंपनीच्या गोदामात काढली होती. तिथं एक इटालियन इंजिनिअर होता. त्याला इंग्रजी बेताचं आणि चाचांना इटालियन शून्य, तरी दोघं रोज दुपारी एकत्र डबा खायचे आणि तो हातवारे करून आपल्या देशाच्या गाड्यांच्या शर्यती सांगायचा. मायदेशी जाताना त्याने एक लाल गाडी चाचांच्या हातावर ठेवली. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. पुढे आखातात नोकरीला असलेला कुठलाही नातेवाईक सुट्टीवर आला, की त्याच्या बॅगेतल्या खजुरांत एक खोकं असायचंच. चाची त्या गाड्यांना सवती म्हणायची. दर्शनी खोलीतलं काचेचं कपाट खरं तर तिने पाहुण्यांच्या डिनर सेटसाठी करून घेतलं होतं. त्यात सवती येऊन बसल्या आणि डिनर सेट पलंगाखाली गेला.

त्यातही वाटेल ती गाडी त्यांना चालत नसे. ज्या शर्यती तास-दोन तासांत उरकतात त्यांच्याविषयी त्यांना तुच्छताच होती. "ती काय शर्यत? तोंड धुऊन आल्यासारखं," म्हणायचे. त्यांना हव्या असायच्या त्या दिवसभर, काही तर रात्रभरही धावलेल्या गाड्या. फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, सिसिलीच्या डोंगरातली, इटलीच्या भर गावांतून जाणारी हजार मैलांची. त्याही स्वच्छ, शोरूममधल्यासारख्या नकोत. शर्यत संपवून आल्यावर जशी दिसेल तशी हवी. नाकावर चिखल उडालेला, काचेवर माशा चिकटलेल्या, नंबर निम्मा पुसलेला. ही घाण मॉडेल बनवणारा कारागीर स्वतः बारीक कुंचल्याने रंगवतो आणि त्यामुळे ते मॉडेल आणखी दुर्मीळ होतं, हे मला तिथं कळलं.

चाचीला मात्र कळलं नव्हतं. एका ईदच्या आधी घराची साफसफाई करताना तिने त्यातली एक गाडी भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासून लख्ख केली. इतक्या वर्षांची धूळ काढून आपण नवऱ्याला खूश करतोय असंच तिला वाटत होतं. चाचा नमाजाहून आले, कपाटापाशी थांबले. मी शीरखुर्म्यासाठी चाचीला हवी असलेली चारोळी द्यायला नेमकी वर गेले होते, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण त्यांनी ती गाडी उचलली आणि खालच्या फळीवरून सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली. त्यांच्या कपाटात वरची फळी म्हणजे शर्यतीची सुरुवात होती आणि खालची म्हणजे शेवट. "हरकत नाही," ते म्हणाले, "आता ही निघायच्या आधीची झाली."

हे वाचून ते फार शांत गृहस्थ होते असं कुणाला वाटेल, तर तो गैरसमज आधीच दूर करते. घरमालक म्हणून चाचा म्हणजे ताप होते. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, दार आपटायचं नाही, कारण हादऱ्याने वरच्या गाड्या सरकतात. सर्वांत मोठं पाप मिक्सर. आमच्या ओट्याच्या बरोबर वर ते कपाट होतं. मी सकाळी चटणीला मिक्सर लावला रे लावला, की वरून काठी आपटल्याचा आवाज यायचा. शेवटी चाचीने तोडगा काढला. आमची चटणी वरच्या मजल्यावर, कपाटापासून लांब, तिच्या मिक्सरमध्ये वाटली जाऊ लागली. ती तिखट हात सैल सोडून घालायची, त्यामुळे ऑफिसात माझ्या डब्याला हात लावायची कुणाची छाती होत नसे.

आणि एवढ्या वेगवान गाड्यांचा हा धनी स्वतः कमालीचा संथ. चहाचा कप संपवायला त्यांना अख्खं वर्तमानपत्र लागायचं. आमच्या कोपऱ्यावर सुकापूरचा एक रिक्षावाला उभा असायचा, आगरी, गळ्यात सोन्याची साखळी, गावाकडची जमीन बिल्डरला देऊन झालेली, पण घरी बसवत नाही म्हणून रिक्षा चालवणारा. चाचा त्याच्याच रिक्षात बसायचे आणि बाजारात पोचेपर्यंत मागून "हळू, बाबा, हळू" चा जप करायचे. तो मला म्हणायचा, "ताई, चाचा बसला का माजी रिक्षा पन पेंगाय लागते. आनि घरात ठेवल्यान कंच्या गाड्या, तर रेसच्या!"

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावरही ते चालताना रस्त्याच्या डाव्या कडेनेच चालायचे. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा चाचांनी मोठ्या कौतुकाने त्यांना कपाट दाखवायला नेलं. बाबांनी लाल गाडी निरखून पाहिली आणि विचारलं, "स्टेपनी कुठाय?"

चाचांचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. "ड्रायव्हरसाहेब, इतकी वर्षं लोक येतात. किती वेगाने जाते विचारतात, कितीची आहे विचारतात. स्टेपनीचं आजपर्यंत कुणी विचारलं नाही!" त्यांनी नखाने गाडीची शेपटी उघडली. आत खरोखरच हरभऱ्याएवढं जास्तीचं चाक होतं. त्या काळी ते सोबत न्यायचा नियमच होता म्हणे.

"बरं," बाबा म्हणाले. "आणि चोवीस तास चालवतात म्हणता. मालक, आम्ही डबल ड्युट्या केल्या, घाटात, पावसापाण्यात, मागं पन्नास माणसं ओकतायत. आम्हाला कुणी कप दिला नाही."

"पण तुम्ही दोघं होतात ना एका गाडीवर? मध्येच बदलायचात?"

"लांबच्या गाडीला दोघं. हो."

"मग तेच तर! यांचं पण तसंच, एका गाडीला दोघं!" असं म्हणून चाचांनी खुर्ची ओढली. त्या दिवशी बाबा जेवायला खाली आले तेव्हा भात गारढोण झाला होता.

पुढे बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आई केव्हाच गेलेली, मला भावंड नाही. मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात कामाला. सकाळी त्यांचं सगळं आवरून पळायचं, दुपारी जेवायच्या सुट्टीत येऊन भरवायचं, परत जायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. नर्सिंग ब्युरोतून माणूस ठेवून बघितला, पण बाबांनी डाव्या हाताने त्याला पाण्याचा पेला फेकून मारला आणि तो दुसऱ्या दिवशी उगवलाच नाही. माझ्या नाकी नऊ आले होते, पण कष्टांचं एवढं काही नव्हतं. खरं दुखणं होतं अंघोळीचं. ज्या माणसाने मुलीसमोर कधी बनियनवर पाणी मागितलं नाही, त्याला तिनेच अंघोळ घालायची. ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी पाणी भराभर ओतायचे, म्हणजे कुठलं पाणी कुठलं ते कळू नये. हळूहळू त्यांनी बोलणं सोडलं, मग खाणंही कमी केलं.

शेवटी मी नोकरी सोडायचं ठरवलं. दिवसभर घरी राहिले तर निदान घाई तरी होणार नाही, एवढाच विचार डोक्यात उरला होता. पुढे दोघांनी काय खायचं हा विचार करायचं त्राणही नव्हतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना चाचांना सांगितलं, मालक म्हणून त्यांना कळलेलं बरं म्हणून. ते खाली गेले आणि थोड्या वेळाने तळहातावर एक गाडी घेऊन परत आले. ती निळी होती. त्या कपाटातली इटलीची नसलेली ती एकुलती एक गाडी. चाची म्हणायची, सवतींतली ही परजातीची.

"ही फ्रान्सची," चाचा म्हणाले. "हिचा ड्रायव्हर सगळ्यात पुढे होता, इतका पुढे की मागचा दिसत पण नव्हता. जोडीदाराला गाडी द्यायची वेळ आली, नाही दिली. परत वेळ आली, परत नाही. रात्रभर एकटा. सकाळ झाली, दुपार झाली, उतरला नाही. शर्यत संपत आली होती, बेटी. थकलेल्या हाताने गिअर चुकला म्हणतात, आणि इंजिन गेलं. सगळं तिथंच संपलं."

"मी काही शर्यत नाही लावलीय चाचा," मी जरा तिरसटपणेच म्हटलं.

"ऐक तर. तो वाईट ड्रायव्हर नव्हता. एक नंबर ड्रायव्हर होता. आणि हट्ट पण त्याने जिंकायलाच केला. पण मी विचार करतो त्या दुसऱ्याचा. जोडीदाराचा. तो तिकडे बाजूला उभा होता ना, हेल्मेट घालून. प्रत्येक वेळी वाटत असेल, आता थांबेल, आता मला देईल. आणि गाडी समोरून निघून जायची. त्याला कसं वाटलं असेल, सांग." त्यांनी गाडी कुर्त्याच्या खिशात ठेवली. "आम्ही पण उभे आहोत. मी आणि तुझी चाची. केव्हापासून."

मी ओल्या टॉवेलात तोंड खुपसून रडले. चाचा शेजारी उभे राहून माझे कपडे वाळत घालत राहिले, सगळे उलटे.

दुसऱ्या दिवशी पहाटेचा नमाज पढून ते थेट आमच्या दारात. लुंगी, बनियन, खांद्यावर टॉवेल. म्हणाले, "उतर गाडीतून. माझा नंबर."

मी बाजूला झाले. ते आत आले नाहीत. "सांग मग."

"काय सांगू? बरे आहेत."

"बरे आहेत म्हणजे? गाडी हातात देताना 'बरी आहे' म्हणतात का? काय तापतंय, काय ओढतंय, आवाज कुठून येतोय, ते सांगावं लागतं. नाहीतर घेणारा काय करेल?"

मी गोंधळून सांगू लागले. उजवा खांदा दुखतोय, रात्री खोकला होता, गिळताना ठसका लागतो. एवढ्यात पलंगावरून आवाज आला. किती दिवसांनी आला होता म्हणून सांगू. बाबा वाकड्या तोंडाने, एकेक अक्षर ओढत म्हणाले, "ब्रेक... लूज."

क्षणभर कुणाला कळेना. मग त्यांनी डाव्या हाताने ओल्या चादरीकडे बोट दाखवलं. चाचा हसायला लागले, मी हसायला लागले, आणि बाबाही, अर्ध्याच तोंडाने, पण खदखदून. एसटीत गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देताना हे असंच सांगतात, हे मला नंतर बाबांनी समजावलं. क्लच जड आहे, डाव्या बाजूला ओढते, ब्रेक लूज. आपली अवस्था सांगायला त्यांना शब्द सापडत नव्हते. ते त्यांच्याच धंद्यातले निघाले.

तेव्हापासून रोज हा कार्यक्रम झाला. सकाळची अंघोळ, दाढी, चहा चाचांकडे. चाचांच्या हातून अंघोळ म्हणजे निम्मी सकाळ जायची, कारण घाई हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता, आणि बाबांना तेच हवं होतं. आतून दोघांचं हसणं ऐकू यायचं. दुपारचं जेवण चाचीकडे. ती बाबांसाठी कमी तिखटाचं वेगळं करायची, ज्याचा मला मत्सर वाटायचा. व्यायामाला दवाखान्यात न्यायचं काम रिक्षावाल्याने स्वतःहून अंगावर घेतलं. "चाचा, आमचा नंबर कवा? आमी काय नुस्ता हॉर्न मारायला हाव?" असं तो दारातच ओरडला होता. त्यालाही चाचांनी नियमात बसवलं. बाबांना घेताना त्याने विचारायचं आणि परत आणताना सांगायचं. त्याचं सांगणं थोडक्यात असे. "गाडी फसकलास हाय. नर्सबाईला शिवी दिल्यान."

मी नोकरी सोडली नाही. बाबा घरातच राहिले. हे दोन्ही एकदम कसं जमतं, असं ऑफिसात कुणी विचारलं तर मी म्हणायचे, आमच्याकडे ड्रायव्हर भरपूर आहेत.

भांडणंही झाली. चाचा दुपारी एखादी गाडी खाली आणून बाबांच्या हातात द्यायचे. ज्या गाड्यांना चाचीलाही हात लावायची बंदी, त्या. एकदा त्यातली एक बाबांच्या हातून फरशीवर पडली आणि तिचा आरसा तुटला. ईदचा तो शांतपणा या वेळी काही दिसला नाही. चाचांचा चेहरा पडला, गाडीचे तुकडे रुमालात गोळा करून ते वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे आले खरे, पण तोंड फुगलेलं. मी खांद्याचं, खोकल्याचं सांगितलं, त्यांनी नुसती मान हलवली. बाबांनी अंघोळीच्या स्टुलावर बसल्या बसल्या मोठ्या कष्टाने एक वाक्य जुळवलं, "डेपोत... स्पेअर... मागवतो." चाचा तरी किती वेळ फुगून बसणार?

बाबा पुढे बरेच दिवस जगले. काठी घेऊन दारापर्यंत चालले, गल्लीतल्या वाहनांना नावं ठेवण्याइतके बोलू लागले. आणि एके दिवशी दुपारी, मी कळंबोलीला असताना, गेले.

चाचीचा फोन आला तेव्हा रिक्षावाला ऑफिसच्या फाटकाशी पोचलेला होता. गल्लीत माणसं जमली होती. आत बाया बसल्या होत्या, कुणीतरी मला मिठीत घ्यायला उठलं. पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर चाचा बसले होते. मला बघून ते उठले आणि त्या बाईला हाताने थांबवलं.

"थांबा. आधी मला हिला सांगू द्या," ते म्हणाले.

आणि सगळ्यांसमोर, दोन्ही हात स्वतःच्या अंगालगत ताठ धरून, ते सांगू लागले.

"सकाळी चहा घेतला. दुसरा मागितला, तो पण दिला. अंघोळीला कुरकुर केली नाही. पाणी गरम हवं म्हणाले, अजून गरम केलं. खांदा आज दुखत नव्हता. दाढी करताना डावा गाल थोडा राहिला, तर म्हणाले, मालक, साइड राहिली तुमची. ती परत केली. जेवणात भात आणि कालवण, अर्धी वाटी. ठसका नाही. मग तुझं विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी येते. म्हणाले, हळू ये म्हणावं, हायवेला रहदारी आहे. मग म्हणाले, पाठ टेकतो. मी उशी नीट केली, इथंच बसलो. हात माझ्या हातात होता. आवाज नाही, तकलीफ नाही. मला पण लगेच कळलं नाही, बेटी." त्यांनी चादरीची कड उचलून दाखवली. "चादर कोरडी आहे. बघ. सगळं स्वच्छ आहे."

मी पुढे होऊन बाबांच्या डाव्या गालावरून हात फिरवला. तो गुळगुळीत होता.

मला आता पनवेल सोडूनही बराच काळ झाला. अजूनही नातेवाइकांत विषय निघाला की कुणीतरी हळहळतं, एकुलती एक लेक आणि शेवटच्या घटकेला जवळ नव्हती. मी त्यांना काही समजावायला जात नाही. मनातल्या मनात चाचांचे उपकार मानते. कारण त्या दिवसाचा पहिला चहा, दुसरा चहा, राहिलेला गाल, अर्धी वाटी कालवण, यातलं काही माझ्यावाचून झालं असं मला कधी वाटलेलंच नाही.